पदक आणि हजेरीपट
सन १८५१ च्या हिंदी सेनापदकाची हकीकत व सैनिकी नोंदींच्या दुरुस्तीचा प्रश्न

जुन्या नाण्यांचा व पदकांचा संग्रह करणारांच्या हातीं अधूनमधून रुपयाहून कांहींसें मोठें असें एक रुप्याचें पदक येतें. त्याच्या एका बाजूस व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा व दुसऱ्या बाजूस ताडवृक्षाजवळ बसलेली विजयदेवता असून, 'हिंदुस्थानच्या सेनेस' अशा अर्थाचा इंग्रजी लेख व १७९९ ते १८२६ हे सन कोरलेले आहेत. फीत फिक्या निळ्या रंगाची. फितीवर लढाईच्या नांवाची आडवी रुपेरी पट्टी असते, व या पट्ट्यांवर असई, आडगांव, गाविलगड, खडकी, पुणें, सीताबर्डी, नागपूर, महीदपूर, कोरेगांव हीं आपल्या परिचयाचीं नांवें आढळतात. मराठी राज्याच्या अखेरच्या दोन युद्धांचा इतिहास अशा रीतीनें प्रतिपक्षाच्या शिपायांच्या छातीवर लिहिला गेला आहे. तेव्हां हीं पदकें कोणास, केव्हां व कोणत्या पुराव्यावर मिळालीं याचा विचार आपल्याकडील संशोधकांनीं करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

प्रथम हें ध्यानांत धरावें कीं, पदक लढाईच्या वेळीं दिलेलें नाहीं. कंपनी सरकारनें पूर्वीं कांहीं पदकें वांटलीं होतीं. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाबद्दलचें दख्खन पदक १७८४ चें, व श्रीरंगपट्टणचें पदक १८०८ च्या सुमाराचें. परंतु १८०३ व १८१७-१८ च्या युद्धांबद्दल सामान्य शिपायास कांहींच मिळालें नव्हतें. विलायतेंतहि हीच तक्रार होती. वॉटर्लूच्या लढाईबद्दल सर्व दर्जाच्या सैनिकांस पदक मिळालें, आणि त्यापूर्वीं स्पेन-पोर्तुगालांत वर्षानुवर्षें लढलेले शिपाई तसेच राहिले. त्यांचा कैवार ड्यूक ऑफ रिचमंड यांनीं घेतला. प्रत्यक्ष वेलिंग्टन मात्र या मागणीस अनुकूल नव्हते. अखेर १ जून १८४७ च्या हुकुमानें त्या सैनिकांस पदक मंजूर झालें. त्यांत हिंदुस्थानांतील युद्धांचा समावेश नसल्यामुळें पुढें २१ मार्च १८५१ रोजीं कंपनीनें, राणीच्या संमतीनें, आपल्या खर्चानें हें हिंदी पदक जाहीर केलें.

या विलंबाचा अर्थ काय तो हिशेब करून पाहावा. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईस लढलेला शिपाई त्या वेळीं वीस वर्षांचा धरला तर १८५१ त तो अडुसष्ट वर्षांचा झाला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीस असलेला तितकाच तरुण शिपाई चौपन्न वर्षांचा. पदक मिळावयाचें तें हयात असलेल्यांसच, व तेंहि त्यांनीं अर्ज केल्यावर. रणांत पडलेल्यांस तें नाहींच. एकवीस निरनिराळ्या पट्ट्या धरूनहि एकंदर पदकें सुमारें साडेचार हजारच निघालीं, यावरून किती जण मध्यंतरीं काळाच्या पडद्याआड गेले असतील याची कल्पना येते.

जे हयात होते त्यांच्याहि मार्गांत अडचणी होत्या, व त्या सर्व नोंदींच्या होत्या. पहिली अडचण पलटणींच्या क्रमांकांची. १८२४ त कंपनीच्या फौजेची फेररचना होऊन प्रत्येक बटालियन स्वतंत्र पलटण ठरली. मुंबईच्या पहिल्या रेजिमेंटाची दुसरी बटालियन, जी कोरेगांवास लढली, ती पुढें दुसरी पलटण झाली. सहाव्या रेजिमेंटाची दुसरी बटालियन बारावी झाली, व सातव्या रेजिमेंटाची पहिली तेरावी झाली. या तिन्ही बटालियना खडकीच्या लढाईंत होत्या. शिपाई तोच, निशाणाची परंपरा तीच. पण १८१७ चा हजेरीपट एका क्रमांकाखालीं व १८५१ ची चौकशी दुसऱ्या क्रमांकाखालीं. हा बदल ज्याच्या ध्यानांत नसेल त्यास खरा अर्जदारहि खोटा वाटावयाचा.

दुसरी अडचण दिवसाची. खडकीची लढाई ५ नोव्हेंबरची. जनरल स्मिथची फौज १३ नोव्हेंबरास येऊन पोहोंचली व त्यानंतर पुणें इंग्रजांच्या हातीं गेलें. म्हणून 'खडकी', 'पुणें' आणि 'खडकी व पुणें' अशा तीन निराळ्या पट्ट्या केल्या गेल्या. तसेंच नागपुराकडे २६-२७ नोव्हेंबरची सीताबर्डी व १६ डिसेंबरचें नागपूर यांच्याहि तीन. एखादा शिपाई त्या आठवड्यांत छावणींत होता, कामगिरीवर बाहेर होता, कीं इस्पितळांत होता, यावर त्याची पट्टी ठरावयाची. चौतीस वर्षांनीं ही गोष्ट स्मरणानें सिद्ध होणें कठीण. ती ठरवावयाची तर त्या दिवसाच्या पटावरूनच.

तिसरी अडचण नांवांची, व ती मराठी वाचकांस सर्वांत जवळची आहे. पट इंग्रजींत लिहिले जात. लिहिणारास आमच्या नांवांचे उच्चार परके. कोरेगांवचेंच पहा. पदकाच्या पट्टीवर तें 'कोरीगॉम' असें वाचावें अशा अक्षरांनीं लिहिलें आहे. जेथें गांवाची ही गत, तेथें शिपायाच्या नांवाची कथा काय? कोरेगांवच्या स्तंभावर 'नाक' या पदानें संपणारीं नांवें पुष्कळ आहेत. त्यांतील शेवटचें पद रोमन लिपींत असें बसविलें आहे कीं मराठी येणाराच तें ओळखील. एकाच पलटणींत एकाच नांवाचे अनेक शिपाई असत. बापाचें नांव पटावर नसलें, किंवा अक्षर चुकलें, तर एकाचा हक्क दुसऱ्यास जाणें अथवा कोणासच न मिळणें शक्य होतें.

याच सुमारास दख्खनांत दुसरी एक चौकशी चालूं होती, तिचें स्मरण येथें होतें. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशननें इनामदारांकडे सनदा मागितल्या. पिढ्यानुपिढ्या वहिवाट असली तरी कागद नसेल तर हक्क संशयित ठरला. इनामदारास सनद दाखवावी लागली, शिपायास पट. दोघांचीहि बाजू कागदावर अवलंबून. फरक इतकाच कीं, सनद इनामदाराच्या घरीं असे, आणि शिपायाचा पट सरकारच्या कचेरींत. आपल्यावरील पुरावा ज्याच्या हातीं त्याच्याकडेच दाद मागावयाची, हें शिपायाचें खरें दैन्य होय. पेशवाईंत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांस बालपरवेशी मिळे, व ती दप्तरीं दाखल होई. त्यामुळें त्या नोंदींवरून आज आपण कोणत्या लढाईंत कोण पडलें हें काढूं शकतों. १८५१ च्या पदकानें मृतांस वगळलें, म्हणून पदकांवरून रचलेली यादी ही लढलेल्यांची यादी नव्हे, उरलेल्यांची यादी होय. हा भेद संशोधकानें कधींहि विसरूं नये.

नोंद चुकली असतां ती दुरुस्त करण्याची नियमबद्ध सोय असावी, हा विचार बराच अर्वाचीन आहे. त्याचें स्पष्ट उदाहरण अमेरिकेचें. तेथें पूर्वीं एखाद्या सैनिकाची नोंद बदलावयाची तर काँग्रेसमध्यें त्या एका माणसापुरता स्वतंत्र ठराव आणावा लागे. १९४६ च्या कायद्यानें हें काम सेनाखात्यांच्या प्रमुखांकडे देण्यांत आलें व त्यासाठीं बिनलष्करी सभासदांचीं मंडळें नेमलीं गेलीं. चूक आढळल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा असा नियम आहे. तथापि न्यायासाठीं ही मुदत माफ करतां येते. सरकारी नोंद खरी असें प्रथम गृहीत धरलें जातें, आणि ती चुकीची आहे हें दाखविण्याचा भार अर्जदारावर असतो.

या मंडळांचें महत्त्व दोन गोष्टींवरून कळतें. १९१७ त तेथील सर्वोच्च शौर्यपदकाच्या यादींतून ९११ नांवें एकदम काढून टाकण्यांत आलीं. त्यांत यादवी युद्धांतील शस्त्रवैद्य मेरी वॉकर या होत्या. १९७७ त नोंद दुरुस्त होऊन त्यांचें पदक कायम झालें. त्या तर १९१९ तच वारल्या होत्या. १९८९ त याच मार्गानें 'बफेलो बिल' कोडी यांचेंहि नांव परत यादींत आलें. दुसरी गोष्ट आगीची. १२ जुलै १९७३ रोजीं सेंट लुई येथील सैनिकी दप्तरखान्यास आग लागून सुमारें १ कोटी ६० लक्ष ते १ कोटी ८० लक्ष दप्तरें नष्ट झालीं. त्यांच्या नकला ठेवलेल्या नव्हत्या. त्यानंतर पदक मागणाऱ्या वृद्ध सैनिकांचा इतिहास पगाराच्या पावत्या, तुकड्यांचे रोजचे अहवाल, इस्पितळाच्या नोंदी व घरीं राहिलेलें सुटकेचें प्रमाणपत्र यांवरून जुळवावा लागला. हेंच काम आम्ही जळक्या व कसरीनें खाल्लेल्या रुमालांवर करीत आलों आहों. मूळ कागद गेला तरी त्याचे पडसाद इतर कागदांत राहतात, हें तत्त्व दोन्हीकडे एकच.

नोंदीचा उपयोग पदकापुरताच नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. मुंबईच्या फौजेंत महारांची भरती बंद झाल्यावर, १९१० त शिवराम जानबा कांबळे यांनीं भारतमंत्र्यांकडे जो अर्ज केला त्यांत पूर्वजांच्या सैनिकी सेवेचाच आधार घेतला होता. ज्यांना दुसरा कागद नव्हता त्यांना पलटणीचा पट हीच सनद होती.

आतां संग्राहकांस दोन शब्द. कंपनीच्या जुन्या पदकांवर नांवें नव्हतीं. १८५१ च्या पदकाच्या कडेवर धारकाचें नांव असतें, व तेंच पदकास पटाशीं जोडणारें सूत्र होय. पट्टी बदलतां येते, कड घासून नांवहि बदलतां येतें. म्हणून नांव, पलटण व पट्टी हीं तिन्ही पटाशीं ताडून पाहिल्याशिवाय पदकास ऐतिहासिक पुरावा मानूं नये. मुंबई फौजेंत कोंकणचे व देशावरचे शिपाई पुष्कळ होते. दापोलीस तर वृद्ध सैनिकांची पलटणच ठेवलेली असे. अशा घराण्यांतून सुटकेचे दाखले, पेन्शनचे कागद, साहेबांनीं दिलेलीं शिफारसपत्रें अजून पेट्यांत पडून असण्याचा संभव आहे. पदकास गिऱ्हाईक मिळतें म्हणून तें विकलें जातें, व कागदास किंमत नाहीं म्हणून तो चुलींत जातो. वास्तविक कागदावांचून पदक मुकें आहे. ज्या वाचकांस असे कागद आढळतील त्यांनीं पदकापूर्वीं त्यांची नक्कल करून ठेवावी, नांवें मूळ मराठी उच्चारानें लिहावीं, आणि जेथें इंग्रजी पटाशीं विरोध येईल तेथें दोन्ही पाठ द्यावे. ज्या शिपायाचें नांव कारकुनाच्या लेखणीनें बिघडविलें, त्याचें नांव नीट लिहिणें एवढी दुरुस्ती तरी आपल्या हातांत आहे.