जॅझ आणि रॉक : काय टिकते?

संगीत हा आमचा प्रांत नव्हे. आमचे आयुष्य युनियनच्या कचेरीत आणि गिरणीच्या दरवाज्यावर गेले. परंतु टिकाऊ माल कोणता आणि दिखाऊ कोणता, हा प्रश्न कामगाराला नवा नाही. तेवढ्याच अधिकाराने अमेरिकेतील जॅझ आणि रॉक या दोन संगीतांविषयी चार शब्द सांगावयाचे आम्ही योजिले आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी न्यू ऑर्लिन्स या बंदरात जॅझ आकारास आले. तेथील वादकांचे धंदे पाहावेत. अल्फान्स पिकू पत्र्याचे काम करी, मॅन्युअल पेरेझ सिगार वळी, जॉनी सेंट सिर भिंतींना गिलावा करी. दिवसा हातात थापी आणि रात्री बँजो! लग्न, मिरवणूक, प्रेतयात्रा, सर्वत्र ही मंडळी वाजवीत.

यांपैकी पिकूचे नाव 'हाय सोसायटी' या संचलनगीताशी जोडले गेले आहे. त्यातील पिकोलो या लहान बासरीची एक धावती जागा तो क्लॅरिनेटवर वाजवी. पुढे ती जागा साधणे ही त्या शहरातील क्लॅरिनेटवाल्यांची परीक्षाच होऊन बसली. १९४५ च्या नोव्हेंबरात चार्ली पार्करने न्यूयॉर्कमध्ये 'को-को' मुद्रित केले. संगीत अगदी नव्या वळणाचे, गती विलक्षण. पण त्या धबधब्यात तीच जुनी जागा क्षणभर चमकून जाते. पत्रेकाम करणाऱ्याच्या हातची कारागिरी अशी पिढ्या ओलांडून गेली. तिला ना कुलूप, ना वारसपत्र.

हे घडले, कारण जॅझमध्ये चाल ही बंदिशीसारखी असते. तिच्या आवर्तनावर प्रत्येकाने आपल्या पाळीला स्वतःचे काही मांडावयाचे, आणि तोवर इतरांनी ठेका सांभाळावयाचा. कोलमन हॉकिन्सने १९३९ साली 'बॉडी अँड सोल' वाजविले, तेव्हा मूळ चाल थोडीशी दाखवून तो आपल्या वाटेने गेला. लोकांना तेच आवडले.

आता रॉकला न्याय दिला पाहिजे. ते त्याच ब्लूजच्या कुळातले. चक बेरीच्या गिटारीतील प्रसिद्ध सुरुवातीमागे लुई जॉर्डनच्या ताफ्यातील कार्ल होगनची १९४६ सालची गिटार आहे. तेथेही विद्या हातातून हातातच गेली. बीटल्सनी १९६४ साली जॅक्सनव्हिल येथे काळ्यागोऱ्यांना वेगळे बसविणार असाल तर वाजविणार नाही, असे बजावले. ही गोष्ट आम्ही विसरणार नाही. पण १९६६ च्या ऑगस्टनंतर त्यांनी दौरे सोडले आणि कित्येक महिने मुद्रणगृहात खपून १९६७ साली 'सार्जंट पेपर' तयार केले. माइल्स डेव्हिसचे 'काइंड ऑफ ब्लू' १९५९ साली दोन दिवसांच्या बैठकांत मुद्रित झाले होते. दोन्ही कामे थोर आहेत. फरक इतकाच, की एकात तबकडी हीच पूर्ण झालेली वस्तू आहे; दुसऱ्यात ती त्या दिवसाच्या बैठकीची आठवण आहे. पहिलीची नक्कल होते, दुसरीतून पुढचे काम निघते.

हा वाद पोटाचाही होता. तबकड्यांनी वादकांचा रोजगार खाल्ला, तेव्हा जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकन वादकांच्या युनियनने १ ऑगस्ट १९४२ पासून मुद्रणावर बहिष्कार घातला. मोठ्या कंपन्या १९४४ च्या नोव्हेंबरात नमल्या. विकल्या जाणाऱ्या तबकड्यांवर रक्कम मिळू लागली, आणि त्या निधीतून वादकांना मजुरी देऊन लोकांसाठी फुकट मैफली होऊ लागल्या. मात्र याच युनियनमध्ये शिकागोच्या काळ्या वादकांची शाखा १९६६ पर्यंत वेगळी होती, हेही नमूद केले पाहिजे. रंगमंचावर साधलेले ऐक्य कचेरीत यावयास इतका काळ लागला.

या विद्येचा एक धागा मुंबईपर्यंत आला. १९३० नंतरच्या दशकात टेडी वेदरफर्डसारखे काळे अमेरिकन वादक ताजमहाल हॉटेलात वाजवीत. गोव्याच्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेल्या वादकांनी हे संगीत उचलले. त्यांपैकी चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्र यांच्या संचात आले आणि १९५१ च्या 'अलबेला'तून तो ठेका आपल्या गल्लीबोळांत पोहोचला. ऐकणाऱ्याला त्याचे कूळ ठाऊक नसेल, पण पाय धरीत होता तो ताल तोच!

म्हणून खपाच्या आकड्यांवरून संगीताचे आयुष्य मोजू नये. खपात रॉकने जॅझला केव्हाच मागे टाकले. जी विद्या पुढच्या हाताला काम देते ती टिकते, असे आमचे मत आहे. आणि रॉकमध्ये जे टिकेल तेही याच गुणाने. आज आपल्या गावच्या वरातीत बँडवाल्यांना बाजूस सारून डीजेच्या भिंती उभ्या राहतात. जुन्या तबकड्या जपणे चांगलेच. पण वाजविणाऱ्याची एका रात्रीची मजुरी बुडाली, तर त्याच्या मुलाने ती जागा कोणाच्या हाताकडे पाहून शिकावी?