गढीतली गांधील

आमच्या गावात डंख मारणाऱ्या निम्म्या जगाला एकच नाव, गांधील. वळचणीला उलट्या छत्रीसारखं उघडं पोळं करणारी सडपातळ पिवळी माशी गांधील, आणि गढीत राहणारीही गांधीलच. कोनाड्यात मातीचा इवला गाडगा बांधणारी कुंभारीण तेवढी वेगळी, कारण ती सहसा कुणाच्या वाटेला जात नाही. पण माणसं दचकायची ती गढीतलीला. बोटाच्या पेराएवढी, तांबूस तपकिरी, तोंड पिवळं आणि पोटाच्या मागच्या बाजूला हळदीसारखा पट्टा. काळी माशी आणि पोटावर एकच रुंद पिवळा पट्टा दिसला, तर ती दुसरी जात. ती बहुधा छत्रीवाल्या गांधिलींची पिल्लं लुटायला आलेली असते.

तांबड्या गांधिलीला लिनियसनं १७७१ मध्ये नाव दिलं, त्याचा अर्थ 'पूर्वेची'. १८९७ मध्ये बिंगहॅम नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं हिंदुस्थानातल्या माश्यांवर मोठा ग्रंथ काढला, त्यात तिची नोंद आहे. गावाला यातलं काही ठाऊक नव्हतं, तरी ओळख पक्की होती.

गढी पांढऱ्या मातीची. साठच्या दशकात पाटीलकी गेली आणि गढीकडं बघणारं कुणी उरलं नाही. पावसानं भिंती धुपल्या, उंदरांनी बिळं केली, आणि त्या बिळांत गांधिली शिरल्या. त्या आत पोकळी वाढवतात, मातीचा कण तोंडात धरून बाहेर उडतात आणि लांब टाकून परत येतात. भिंतीच्या एकाच भोकातून अशी सरळ रेषेत ये-जा दिसली की समजायचं. आज्जी म्हणायची, "बाराच्या उन्हात गढीकडं जाऊ नगंस, गांधील तापल्याली असती." मला ती भुताखेतांतली गोष्ट वाटायची. पण ही माशी खरंच भर दुपारी सगळ्यात जास्त माती उकरते. २०१० मध्ये तेल अवीवच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की तिच्या तपकिरी कातडीवरच्या बारीक खाचा ऊन अडकवतात आणि पिवळ्या पट्ट्यातल्या रंगापासून किंचित वीजही तयार करता येते. आज्जी शाळेत गेली नव्हती!

बहात्तरच्या दुष्काळात मी सात वर्षांचा होतो. धाब्यावर टाकायला गढीची माती नेत असत, तशी नेताना एका बापयाची कुदळ नेमकी पोळ्यात गेली. त्यानं हात झाडले, दोन-चार माश्या चिरडल्या, आणि तिथंच घात झाला. चिरडलेल्या माशीच्या विषाचा वास बाकीच्यांना उठवतो. मधमाशीसारखा हिचा काटा अंगात राहत नाही, एकच माशी चारदा मारते. बायांनी त्याला चुना लावला, कुणी लोखंड घासलं. त्याचे ओठ सुजले, घसा बसला, श्वास घरघरू लागला. तालुक्याला जायला बैलगाडी होती. नदी ओलांडायच्या आत तो गेला. घरात माझ्याएवढाच मुलगा होता.

त्यानंतर गावानं पलिता लावून पोळी जाळायला सुरुवात केली. ते मला कधी पटलं नाही. रॉकेलच्या पलित्यानं एका घराचं छप्पर पेटलं, आणि गांधिली पुढच्या वर्षी दुसऱ्या बिळात होत्याच. शिवाय त्या नाकतोडे, माश्या, अळ्या मारतात, हे कुणी मोजत नव्हतं. मोहोळ काढणारे आमचे आबा एकटेच वेगळं बोलायचे. भोकाच्या समोर उभं राहायचं नाही, तिच्या वाटेतून बाजूला व्हायचं. अंगावर बसली तर झटकायची नाही. उठल्याच, तर डोकं-तोंड झाकून थेट घरात किंवा गाडीत शिरायचं, दार लावायचं.

दोन वर्षांपूर्वी ऐन ऑक्टोबरात पाण्याच्या टाकीसाठी गढी पाडायला जेसीबी आला. बादलीचा पहिला दणका बसला आणि चालकानं काच लावून घेतली. खाली शेळ्या राखणाऱ्या एका म्हाताऱ्याला सात-आठ डंख बसले, अंगावर गांधी उठल्या, धाप लागली. बहात्तरातल्या त्या मुलानंच, आता तोही साठीला टेकलाय, त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून दवाखाना गाठला. चुना शोधायला तो थांबला नाही. अॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन मिळालं, श्वास मोकळा झाला. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं आणि लघवी तपासली, कारण डंख पुष्कळ असले तर विष मूत्रपिंडावर उतरतं.

ग्रामसभेत दोघा-तिघांनी पलित्याचंच काढलं. तेव्हा तोच उठला, म्हणाला, "माघापतोर थांबा. तवर पोळं मोकळं हुतं." टाकीचं काम पुढं ढकललं, गढीभोवती काटेरी बाभळीचं कुंपण घातलं. माघात भिंत पाडली, तेव्हा आत मातकट कागदाचे थर निघाले, एकाखाली एक, सगळे रिकामे. पोरांनी ते शाळेत नेले.