तारेने शिवलेली होडी

लहानपणी महाबळेश्वरला गेलो की वेण्णा लेकवर होडीत बसायचं हे ठरलेलं. बाबा वल्ही मारायचे, आम्ही भावंडं एकमेकांवर पाणी उडवायचो आणि आजी काठावर आमच्या चपला राखत बसायची. ती मालवणची. "पाण्यावांगडा मस्करी करूची नाय," एवढंच म्हणायची. तिच्या लेखी होडी म्हणजे मासळी, पोट आणि कधीकधी परत न आलेला माणूस.

तसं पाहिलं तर गंमत म्हणून होडी बाळगणं ही बराच काळ पैसेवाल्यांचीच चैन होती. साध्या कुटुंबाला होडी हवी तर ती स्वस्त हवी आणि घरी नेता यायला हवी!

नेण्याचा प्रश्न आधी सुटला. १९०५ साली म्युनिकच्या आल्फ्रेड हॉयरिश या विद्यार्थ्याने बांबूच्या सांगाड्यावर कापड चढवून घडीची कयाक बनवली. १९०७ मध्ये योहान क्लेपर नावाच्या शिंप्याने तिचे हक्क घेतले. होडी पिशव्यांत भरून आगगाडीने नदीवर न्यायची सोय झाली.

मग पोरांची पाळी. १९४७ साली फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावी क्लार्क मिल्सने 'ऑप्टिमिस्ट' ही छोटी शिडाची होडी आखली. खर्च ५० डॉलरच्या आत. प्लायवुडच्या दोन शीटमध्ये बसवायची म्हणून तिचं टोकच कापून टाकलं! आजही जगभरची मुलं त्याच आखूड नाकाच्या होडीत शीड धरायला शिकतात.

पण माझी लाडकी ती 'मिरर'. १९६३ साली ब्रिटनच्या 'डेली मिरर' दैनिकाच्या पाठिंब्याने ती आली, म्हणून तिची शिडंही त्याच्या रंगाची, लाल. आखणी केली जॅक होल्ट आणि टीव्हीवर घरगुती दुरुस्त्या शिकवणाऱ्या बॅरी बकनेल यांनी. किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. कापलेल्या प्लायवुडच्या फळ्या घरी यायच्या. त्या तांब्याच्या तारेने शिवायच्या, सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी आणि रेझिन लावायचं, झाली होडी! सुतारकाम येण्याची गरज नाही. शीड लावा, वल्हवा नाहीतर छोटं इंजिन बसवा. अशा ७० हजारांवर होड्या झाल्या.

हे वाचलं आणि कोकण आठवलं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची जुनी गलबतंही शिवलेलीच असत, काथ्याच्या दोरीने. त्याच पद्धतीने गोव्यात बांधलेलं 'कौंडिण्य' जहाज २०२५ मध्ये नौदलात दाखल झालं. फरक इतकाच की काथ्या फळ्यांना जन्मभर धरून ठेवतो, आणि मिररची तार रेझिन वाळेपर्यंतच.

आजीला हे सांगायचं राहून गेलं. होडी शिवतात याचं तिला नवल वाटलं नसतं. पण आईबाप आणि पोरं रविवारच्या मजेसाठी ती शिवत बसतात, यावर तिने नक्की विचारलं असतं, "आणि उलटली तर?"

त्याचंही उत्तर आहे. मिररच्या आत हवेचे बंद कप्पे असतात. उलटली तरी बुडत नाही. सरळ करायची, पाणी उपसायचं. म्हणजे गंमतीची होडी बांधणाऱ्यांनीही आजीचं म्हणणं ऐकलं होतंच की!

यंदा वेण्णा लेकवर मी वल्ही मारली. आधी लेकीच्या लाइफ जॅकेटचे पट्टे दोनदा तपासले. काठावर कोणीतरी चपला राखत बसलंय, असं उगाच वाटत राहिलं.