विश्वाचे वय मोजणारी माणसे

विश्व कसे उत्पन्न झाले, हा प्रश्न आपल्या देशात कधीच निव्वळ कुतूहलाचा नव्हता. पुरुषसूक्तात ज्या देहाच्या डोळ्यापासून सूर्य निघाला, त्याच देहाच्या पायांपासून शूद्र निघाला. विषमतेला सृष्टीचे वय बहाल झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ च्या शूद्रांविषयीच्या ग्रंथात या सूक्ताची परखड चिकित्सा केली आहे. म्हणून आधुनिक विश्वोत्पत्तीशास्त्राची ओळख करून देताना मी विद्यार्थ्यांपुढे आधी एकच प्रश्न ठेवतो : हे कोणी आणि कशावरून सांगितले?

पहिला पेच अंतराचा होता. मंद दिसणारा तारा मुळातच मंद, की नुसता दूर? अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत हेन्रिएटा लेविट तासाला ३० सेंट मजुरीवर ताऱ्यांच्या छायाचित्रांच्या काचा तपासत असे. धाकट्या मॅगेलनी मेघातील २५ ताऱ्यांवरून तिने नियम काढला : ज्याच्या तेजाचा चढउतार सावकाश, तो तारा मूळचाच अधिक तेजस्वी. चढउताराचा काळ मोजला की खरे तेज कळते. दिसणाऱ्या तेजाशी ते ताडून पाहिले की अंतर निघते. १९१२ च्या त्या पत्रकात तिच्या कामाची नोंद आहे. सही मात्र संचालकाची. याच मोजपट्टीने एडविन हबलने देवयानी ही आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका असल्याचे दाखवले.

दुसरा पेच वेगाचा. दीर्घिका दूर जात असेल तर तिचा प्रकाश वर्णपटाच्या तांबड्या टोकाकडे सरकतो. हे सरकणे मोजणारा मिल्टन ह्यूमसन चौदाव्या वर्षी शाळेतून बाहेर पडलेला. माउंट विल्सन वेधशाळा उभी राहत असताना तो खेचरांवरून सामान वर नेई. १९१७ मध्ये तो तेथेच सफाई कामगार झाला. रात्रपाळीत मदत करता करता दुर्बीण शिकला. १९२९ मध्ये त्याने एका दीर्घिकेचा वेग सेकंदाला सुमारे ३,८०० किलोमीटर मोजला. त्याच वर्षी हबलने मांडले : दीर्घिका जितकी दूर, तितका वेग अधिक.

ह्यूमसन गोरा होता. तेच दार काळ्या माणसासाठी उघडले असते काय? आणि आपल्या प्रयोगशाळेत झाडू मारणाऱ्याच्या हाती दुर्बीण कोण देतो?

अंतरे वाढत आहेत, म्हणजे पूर्वी ती कमी होती. मागे जावे तसे विश्व दाट आणि तप्त होत जाते. बेल्जियमच्या जॉर्ज लमेत्रने प्रसरणाचे गणित १९२७ मध्येच मांडले होते. महास्फोट म्हणजे एका जागी फुटलेला बॉम्ब नव्हे. अवकाशच सर्वत्र ताणले जाते. त्याला केंद्र नाही, वरचे-खालचे स्थान नाही. त्या तप्त अवस्थेची निवालेली धग पेन्झियास आणि विल्सन यांना सापडली. १९६५ मध्ये ती जाहीर झाली. आज विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानतात. आपले जयंत नारळीकर महास्फोटावर अखेरपर्यंत शंका घेत राहिले. कोणी त्यांना पाखंडी ठरवले नाही. शास्त्रात पुराव्यानेच भांडावे लागते.

लमेत्रचा निबंध निघाला त्याच १९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. पाण्यातला हायड्रोजन विश्वाच्या आरंभीच्या क्षणांतला आहे. तळ्यातला तोच, अडवणाऱ्याच्या आणि ओंजळ भरणाऱ्याच्या रक्तातलाही तोच. त्याचा वर्ण अजून कोणत्याही वर्णपटात सापडलेला नाही.