बर्फावरचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये म्हणतात. सायकलचे कूळ मात्र शोधायला हवे, कारण तिच्या मूळपुरुषाने ते स्वतःच सांगून ठेवले आहे आणि तरीही ते फारसे कोणी मनावर घेतलेले नाही. उत्तरेकडच्या थंड मुलखांत गोठलेल्या तळ्यांवर माणसाच्या पायांच्या बळावर चालणाऱ्या गाड्यांच्या शर्यती होतात. त्यांत खिळ्यांचे टायर चढवलेल्या सायकली असतात, चाकाऐवजी पोलादी पाती बसवलेल्या गाड्या असतात, मागे उभे राहून एका पायाने रेटायच्या खुर्च्याही असतात. पाहणाऱ्याला हा हिवाळ्यातला पोरखेळ वाटतो: रस्त्यावरचे वाहन हौसेपोटी भलत्या जागी नेले, एवढेच. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. सायकल रस्त्यावरून बर्फावर गेली नाही, ती बर्फावरून रस्त्यावर आली. बाडेन संस्थानातला वनाधिकारी कार्ल द्राइस याने 1817 साली आपल्या दुचाकी यंत्राची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा मुख्य कल्पना स्केटिंगवरून घेतल्याचे त्याने स्वच्छ नमूद केले. चाकांवर बैठक बसवायची आणि पायांनी जमीन मागे रेटत पुढे जायचे, असा त्याचा साधा विचार होता. माझी सारी मांडणी या एका कबुलीभोवती उभी आहे.

आधी बर्फाची अट समजून घेऊ. गुळगुळीत बर्फावर स्केटच्या पात्याला होणारा विरोध वजनाच्या साधारण अर्धा टक्का असतो, आणि चांगल्या रस्त्यावर सायकलच्या टायरला होणारा विरोधही जवळपास तेवढाच. म्हणजे तळ्यावर चाकाचा काही खास फायदा उरत नाही; घसरणारी कोणतीही टणक वस्तू तेच काम करते. अडचण वेगळीच आहे. जिथे सगळेच घसरते तिथे रेटायचे कशाच्या आधारावर? बर्फावर माणसाच्या बळाने चालणाऱ्या प्रत्येक साधनाला त्यामुळे दोन अवयव लागतात, एक घसरणारा आणि एक रुतणारा. हाडांच्या स्केटपासून हीच विभागणी दिसते. लंडनचे वर्णन करताना विल्यम फिट्झस्टीफन याने 1174 च्या सुमारास लिहिले आहे की शहराबाहेरची दलदल गोठली की तरुण मुले जनावरांच्या नळीची हाडे पायाखाली बांधतात, लोखंडी टोकाची काठी बर्फावर मारतात आणि पक्ष्याच्या वेगाने सुटतात. समोरासमोर येऊन ती एकमेकांवर काठ्या उगारत आणि हातपाय मोडून घेत, हेही तो सांगतो. हाड घसरते, काठीचे टोक रुतते. पाय रेटत नाहीत, ते नुसते उभे असतात. बळ खांद्यांचे आणि हातांचे. हाडाला धार नसल्याने पायाने बाजूला रेटणे शक्यच नव्हते.

ही काठी हातातून सुटली ती लोखंडी पात्यामुळे. नेदरलँड्समध्ये मध्ययुगाच्या उत्तरार्धात धारेची पाती आली आणि घसरणे व रुतणे ही दोन्ही कामे एकाच वस्तूत सामावली: पाते लांबीच्या दिशेने घसरते, आडव्या दिशेने बर्फात रुतते. स्खिडामच्या संत लिडविना हिच्या चरित्रातले 1498 चे लाकूडठसा चित्र प्रसिद्ध आहे. ते तिच्या बर्फावर पडण्याचे, पण पार्श्वभूमीला एक जण एका पायावर तोल धरून दुसऱ्या पायाने रेटत चाललेला दिसतो. या बदलाची किंमत फेदेरिको फोर्मेन्टी आणि आल्बेर्तो मिनेत्ती या संशोधकांनी जुन्या स्केटच्या प्रतिकृती माणसांना घालायला देऊन मोजली. हाडांच्या स्केटवर जेवढी शक्ती खर्च होते, तिच्या सुमारे चौथ्या हिश्शात आजच्या स्केटवर तेवढेच अंतर कापता येते. आपल्या दृष्टीने मात्र शक्तीच्या बचतीहून मोठी गोष्ट दुसरी आहे. या पात्यांनी युरोपातल्या हजारो माणसांना एका बारीक रेषेवर तोल सांभाळायला शिकवले. अठराव्या शतकात जर्मन कवी क्लॉपस्टॉकने स्केटिंगवर कविता लिहिल्या, तरुण गोएथे त्या नादाला लागला, आणि जर्मन सुशिक्षितांत ही विद्या प्रतिष्ठेची झाली. द्राइस याच वातावरणात वाढला.

द्राइसच्या प्रेरणेबद्दल प्रतिस्पर्धी मते आहेत. दोन चटकन निकालात निघतात. लिओनार्दो दा विंचीच्या कागदांत 1974 मध्ये जगासमोर आलेले सायकलचे चित्र मागाहून कोणीतरी काढलेले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. काउंट द सिव्राक याने 1791 मध्ये लाकडी घोडा चालवला, ही कथा त्यानंतर शंभर वर्षांनी एका फ्रेंच लेखकाने रचली. तिसरे मत वजनदार आहे. हान्स-एर्हार्ड लेसिंग या इतिहासकाराच्या मते सायकलचे खरे कारण ज्वालामुखी आहे. एप्रिल 1815 मध्ये इंडोनेशियातला तांबोरा फुटला, 1816 चा उन्हाळा युरोपात आलाच नाही, पिके बुडाली, ओटचे भाव चढले, घोडे उपाशी मेले किंवा कापले गेले. म्हणून घोड्याला पर्याय हवा होता. यावर पहिला आक्षेप तारखांचा. माणसाच्या बळावर चालणारी चारचाकी गाडी द्राइसने 1813 मध्येच बनवली होती, म्हणजे तांबोराच्या आधी. लेसिंग याचे उत्तर 1812 च्या नापिकीत शोधतो, आणि ते मान्य करायला हरकत नाही. पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. टंचाईने गरज सांगितली, आकार सांगितला नाही. घोड्याविना जायचे तर 1813 ची चारचाकी सुधारता आली असती, तीन चाके लावता आली असती. एकामागे एक दोनच चाके, म्हणजे उभे केले तर पडणारे वाहन, हे ओटच्या भावातून निघत नाही. कोणी म्हणेल, दोन चाकांनी वजन आणि घर्षण कमी होते. होते, पण त्यामुळे दोन चाके हवीशी वाटतील. आपण पडणार नाही, हा भरवसा त्यातून मिळत नाही. तो भरवसा त्या काळी फक्त स्केटिंग करणाऱ्याला होता. अरुंद पात्यावर माणूस थांबला तर पडतो, चालता राहिला तर सावरतो, आणि ज्या बाजूला कलला त्या बाजूला वळून तोल परत मिळवतो, हे तो अंगाने जाणत होता. म्हणून दोन्ही मते एकमेकांची वैरी नाहीत: ‘का’ याचे उत्तर दुष्काळ देईल, ‘असेच का’ याचे उत्तर बर्फ देतो.

आता सर्वांत कठीण हरकत. स्केटवर माणूस तिरके, बाजूला रेटतो. द्राइसच्या यंत्रावर तो धावल्यासारखे पाय सरळ मागे रेटतो. मग साम्य कुठे राहिले? साम्य रेटण्यात नाही, दोन रेट्यांच्या मधल्या अवकाशात आहे. पाय उचललेले असताना वाहन सरळ रेषेत तोल राखून सरकत राहते, आणि द्राइसने बर्फावरून उचलले ते हेच. शिवाय त्याने घसरणारा आणि रुतणारा अवयव पुन्हा वेगळे केले: चाके सरकण्यासाठी, बूट जमीन पकडण्यासाठी. नकळत तो हाडांच्या स्केटच्या जुन्या रचनेकडे परतला, फक्त काठीचे काम पायांकडे गेले. या नात्याला यंत्रशास्त्राचाही आधार आहे. चालती सायकल स्वतःहून उभी राहते ती फिरत्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे आणि पुढचे चाक सुकाणूच्या आसाच्या रेषेमागे टेकत असल्यामुळे, असे दीर्घकाळ मानले जाई. डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी 2011 मध्ये ही दोन्ही कारणे काढून टाकलेली सायकल बनवली, आणि ढकलल्यावर तीही आपोआप तोल राखत गेली. त्यांच्या गणितात चाकांच्या जागी चक्क स्केट धरले होते: पुढे सरकणारे, आडवे न सरकणारे. यावरून द्राइसच्या मनात काय होते ते सिद्ध होत नाही, पण त्याने दाखवलेले नाते वरवरचे नव्हते एवढे नक्की ठरते.

पुढचे टप्पे परिचयाचे आहेत. 1860 च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पेडल आले. ते मिशोचे की लालमाँचे, हा वाद अजून चालतो. 1869 मध्ये पॅरिस ते रुआँ शर्यत झाली. पण त्याच सुमारास मागच्या चाकाच्या जागी पाती आणि पुढच्या चाकाला खिळे लावलेल्या बर्फावरच्या सायकलीही निघाल्या, याकडे इतिहासकार गंमत म्हणून पाहतात. माझ्या मते ती गंमत नसून वंशाची खूण आहे. रस्ता खडबडीत असल्यामुळे एकच चाक सरकू आणि पकडू शकत होते. बर्फावर येताच दोन्ही कामे पुन्हा फुटून वेगळी झाली. उत्तर स्वीडनमध्ये 1870 च्या सुमारास दिसणारी रेटायची खुर्ची या घराण्याची दुसरी शाखा आहे. तिने सायकलचे काही घेतले असे मी म्हणत नाही. लांब पट्ट्या घसरतात, खिळ्यांचा बूट रुततो, पाय द्राइसच्या स्वारासारखाच सरळ मागे जातो. एकाच अटीपुढे दोन ठिकाणच्या माणसांना एकच तोड सुचली.

शिडाच्या बर्फनौका तळ्यावर या सगळ्यांहून वेगाने धावतात, तरी त्या या कुळातल्या नाहीत. त्यांना वारा रेटतो, त्यामुळे बर्फ पकडून मागे रेटणारा अवयव त्यांना लागतच नाही. पात्यांनी आडवे घसरणे थांबवले की झाले. हा फरक कुळाची सीमा आखून देतो. उलट अलास्कात 1987 मध्ये सुरू झालेल्या इडिटाबाइक शर्यतीतून पुढे आलेले रुंद टायर दिसायला परके असले तरी याच घरचे, कारण त्यांचा सारा झगडा भुसभुशीत बर्फात न रुतता बर्फ पकडण्याचा आहे. कठीण तळ्यावरच्या सायकलस्वाराचा हिशेबही तोच: खिळे कमी झाले तर चाक जागीच फिरते आणि वळणावर निसटते, जास्त झाले तर प्रत्येक फेऱ्यात बर्फ उकरण्यात बळ वाया जाते. लंडनच्या त्या मुलांच्या काठीच्या टोकाला जे करावे लागे, ते आता टायरच्या खिळ्यांना करावे लागते, आणि शर्यतीचा निकाल बराचसा तिथेच ठरतो.