जुनं ग्राफिक्स कार्ड आणखी एक जोडायचं की नवं घ्यायचं?

समजा तुमच्या पीसीमध्ये जीटीएक्स ९७० आहे आणि नवे गेम अडखळत चालतात. तेवढ्यात सेकंडहँड बाजारात तसंच आणखी एक ९७० स्वस्तात दिसतं. मग डोक्यात हिशोब सुरू होतो: दोन कार्डं म्हणजे स्पीड डबल!

गेमिंगसाठी हा हिशोब आज चुकतो. जवळजवळ प्रत्येक वेळी एकच नवं कार्ड घेणं फायद्याचं ठरतं. त्यामागची कारणं सविस्तर पाहूया. दोन कार्डं खरोखर उपयोगी पडतात अशी कामंही पुढे दिली आहेत.

दोन कार्डं एकत्र काम कशी करतात?

१९९८ मध्ये थ्रीडीएफएक्स या कंपनीने वूडू २ कार्डांसाठी एसएलआय आणलं. पुढे एनव्हिडियाने या कंपनीचं तंत्रज्ञान विकत घेतलं आणि २००४ मध्ये एसएलआय हेच नाव नव्या रूपात परत आणलं. २००५ मध्ये एटीआयने, म्हणजे आताच्या एएमडीच्या रॅडिऑनने, क्रॉसफायर आणलं.

दोन्हींची नेहमीची पद्धत सारखीच. गेमची पहिली फ्रेम एक कार्ड बनवतं, दुसरी फ्रेम दुसरं कार्ड, तिसरी पुन्हा पहिलं. ऐकायला सोपं वाटतं, पण खऱ्या अडचणी इथूनच सुरू होतात.

मेमरीची बेरीज होत नाही

दोन्ही कार्डांना पूर्ण फ्रेम बनवायची असते, त्यामुळे गेमचा सगळा डेटा दोन्हींच्या मेमरीत ठेवावा लागतो. ४ जीबीची दोन कार्डं लावली तरी गेमला ४ जीबीच मिळतात, ८ नाही. तुमचा गेम मेमरी कमी पडल्यामुळे अडखळत असेल, तर दुसऱ्या कार्डाने काहीच फरक पडणार नाही.

गेमचा सपोर्ट लागतो

जीटीए ५ किंवा द विचर ३ सारख्या २०१५ च्या आसपासच्या गेममध्ये एसएलआय चालायचं, कारण त्यासाठी ड्रायव्हरमध्ये खास प्रोफाइल असायचं. १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियाने जुन्या कार्डांसाठी अशी नवी प्रोफाइल देणं बंद केलं. डायरेक्टएक्स १२ मध्ये ही जबाबदारी गेम बनवणाऱ्यांवर आली आणि फार थोड्यांनी ती उचलली. सायबरपंक २०७७ सारख्या गेममध्ये दुसरं कार्ड नुसतं बसून राहतं.

सपोर्ट असलेल्या गेममध्येही वेग दुप्पट होईलच असं नाही. दोन कार्डांच्या फ्रेम समान अंतराने आल्या नाहीत तर एफपीएसचा आकडा मोठा दिसतो, पण डोळ्यांना झटके जाणवतात. याला मायक्रोस्टटर म्हणतात.

तुमच्या कार्डाला ही सोय आहे का?

- जीटीएक्स १०५० टीआय, १०६०, १६५० आणि १६६० या लोकप्रिय कार्डांना एसएलआय नाहीच.
- आरटीएक्स ३० सीरिजमधल्या गेमिंग कार्डांत जोडणीची सोय फक्त ३०९० आणि ३०९० टीआय यांना आहे. ४० सीरिजच्या गेमिंग कार्डांत ती कुणालाच नाही.
- एएमडीनेही २०१९ च्या आरएक्स ५७०० पासून क्रॉसफायर सोडून दिलं.
- मदरबोर्डालाही एसएलआयचा सपोर्ट लागतो. दुसरा लांब स्लॉट दिसला म्हणजे काम झालं असं नाही.

वीज आणि एसएमपीएस

कंपनीच्या आकड्यांनुसार जीटीएक्स ९७० ला १४५ वॅट लागतात, म्हणजे दोन कार्डांना २९०. आरटीएक्स ३०६० एकटं १७० वॅटमध्ये चालतं. फरक १२० वॅटचा. रोज तीन तास गेम खेळलात तर महिन्याला साधारण ११ युनिट जास्त. तुमच्या बिलावरच्या दराने गुणून बघा. शिवाय एसएमपीएस लहान असेल तर तोही बदलावा लागतो आणि 'स्वस्त' कार्ड तिथेच महाग पडतं. कॅबिनेटमधली उष्णता आणि पंख्यांचा आवाज वाढतो तो वेगळाच.

नव्या कार्डात काय मिळतं?

आरटीएक्स ३०६० मध्ये १२ जीबी मेमरी, रे ट्रेसिंग आणि डीएलएसएस मिळतं. डीएलएसएस म्हणजे गेम कमी रिझोल्यूशनवर चालवून चित्र हुशारीने मोठं करण्याचं तंत्र. यामुळे एफपीएस चांगलेच वाढतात आणि हे तंत्र जीटीएक्स कार्डांवर चालत नाही. घेताना मेमरी तपासा, कारण ३०६० चं ८ जीबीचं मॉडेलही आहे आणि ते हळू आहे.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट ड्रायव्हरची. जीटीएक्स ९०० आणि १० सीरिजसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच, त्यानंतर फक्त सुरक्षेचे अपडेट, असं एनव्हिडियाने जाहीर केलं होतं. जुन्या फोनला अँड्रॉइडचं नवं व्हर्जन येणं बंद होतं, तसंच हे. अशा कार्डात आज पुन्हा पैसे घालणं परवडत नाही.

मग दुसरं कार्ड कुणी घ्यावं?

- ब्लेंडरमध्ये सायकल्स वापरून रेंडर करणाऱ्यांनी. तिथे दोन्ही कार्डं काम वाटून घेतात आणि एसएलआय लागत नाही. फक्त सीन प्रत्येक कार्डाच्या मेमरीत मावला पाहिजे.
- घरच्या पीसीवर एआय मॉडेल चालवणाऱ्यांनी. लामा डॉट सीपीपी सारखी सॉफ्टवेअर मॉडेलचे थर दोन कार्डांत वाटतात, त्यामुळे इथे मेमरीची बेरीज खरंच कामी येते.
- लॉसलेस स्केलिंग वापरणाऱ्यांनी. यात एक कार्ड गेम चालवतं आणि दुसरं मधल्या फ्रेम तयार करतं. जुनं कार्ड घरात पडून असेल तर करून बघा, त्यासाठी मुद्दाम विकत घेऊ नका.

पैसे देण्याआधी

१. टास्क मॅनेजर उघडून गेम चालू असताना बघा. प्रोसेसर १०० टक्क्यांवर आणि ग्राफिक्स कार्ड निवांत असेल, तर अडचण कार्डाची नाहीच.
२. एसएमपीएसचे वॅट, त्याचे कनेक्टर आणि कॅबिनेटमधली जागा मोजा.
३. सेकंडहँड कार्ड घेताना समोर गेम किंवा बेंचमार्क निदान अर्धा तास चालवून घ्या. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं, तेव्हा रात्रंदिवस राबलेली बरीच कार्डं बाजारात आली.

थोडक्यात, गेमिंगसाठी जुनं कार्ड विका, दुसऱ्या कार्डासाठी ठेवलेले पैसे त्यात घाला आणि एकच नवं कार्ड घ्या. बजेट अजून कमी पडत असेल तर दोन-तीन महिने थांबा. दुसरं जुनं कार्ड घेऊन फसण्यापेक्षा थांबणं स्वस्त पडतं.