पातं कुणाचं, मूठ कुणाची?

लासलगावहून विंचूर जवळच. पानिपतावर लढलेल्या विठ्ठल शिवदेव विंचूरकरांच्या जहागिरीचं गाव. तेव्हा या पट्ट्यात खंडेनवमीला एखाद्या घरी पाटावर जुनी तलवार दिसली, तर नवल नाही. घरचे सांगतात, "ही पानिपतची." असेलही. पण आपण आज कहाणी जरा बाजूला ठेवू आणि तलवारीलाच विचारू.

विचारताना पातं आणि मूठ, दोघांच्या पत्रिका वेगळ्या मांडायच्या. आपल्या नेहमीच्या वाकड्या तलवारीत पात्याचं शेपूट मुठीत लाखेनं बसवलेलं असतं. लाख तापवली की मूठ सुटते. पातं तुटलं, मूठ बदला. मूठ जुनाट वाटली, नवी चढवा. त्यामुळे एकाच तलवारीत दोन शतकं आणि दोन देश सुखानं नांदतात.

उत्तम उदाहरण नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांच्या तलवारीचं. महाराष्ट्र शासनानं २०२५ साली लंडनच्या लिलावातून ती ४७ लाख १५ हजारांना मिळवली. पातं सरळ, एकधारी, युरोपीय बनावटीचं. मूठ मात्र मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या नक्षीची. (मुल्हेर म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं, बागलाणातलं.) आणि पात्याच्या पाठीवर सोन्याच्या पाण्यानं देवनागरी अक्षरं: 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग'. बघा, बंगालवर स्वाऱ्या करणारा सरदार आपल्या हत्याराला उघडपणे 'फिरंग' म्हणतो. परदेशी पात्याची लाज तर नाहीच, उलट मिरवणूक! 'अस्सल मराठी पोलाद' शोधत बसलेल्यांनी हे जरूर वाचावं.

पण पात्यावर परदेशी छाप दिसला म्हणून लगेच हुरळून जाऊ नये. युरोपातल्या नामांकित कारखान्यांच्या खुणा आपल्याकडचे कारागीरही हुबेहूब ठोकत. छापाबरोबर पात्याची जाडी, त्यावरच्या लांब पन्हळी, लवचीकपणा, असं सगळं जुळतंय का ते पाहायचं.

हा गुंता फक्त आपला नाही. मलाय मुलखात आणि जावात क्रिसचं पातं पिढ्यान्‌पिढ्या तेच राही, मूठ आणि म्यान मात्र नव्या मालकाच्या प्रांताप्रमाणे बदले. तिथेही पातं लिंबाच्या रसानं स्वच्छ करतात. पण पुढे सोमल लावून त्यातली नक्षी पुन्हा उठवतात.

आपण काय करतो? लिंबू, चिंच, राख. हल्ली तर थेट पॉलिशचं चाक! दक्षिणेत घडलेल्या पोलादी पात्यावर पाण्याच्या लहरींसारखं जौहर असतं, ते चाकाखाली दिसेनासं होतं. जाणकार ते परत उठवू शकतो. सोन्याची अक्षरं मात्र एकदा घासली की गेली. रघूजींच्या तलवारीवरची ती एक ओळ अशी घासली गेली असती, तर ती कुणाची हे आज कुणी सांगितलं असतं?

म्हणून येत्या नवमीला मऊ फडकं आणि पातळ यांत्रिक तेलाचा हलका हात, एवढंच पुरे. मूठ सोडवू नका. पात्याची पाठ आणि मुठीजवळची चार बोटं जागा तिरक्या उजेडात नीट पाहा, तिचे फोटो काढा. आणि आजोबा जे सांगतात, तेही त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. ती वस्तू शंभर वर्षांवरची असेल, तर १९७२च्या कायद्यानं ती पुरावस्तू ठरते. परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. "तिकडे जास्त भाव येईल" म्हणणारा कुणी दारात आला, तर त्याला हे जरूर ऐकवा.